माळकऱ्याची बाग आणि लेकीची वाइन

तुकोबांची पालखी वरवंडचा मुक्काम आटोपून पाटसवरून रोटीचा घाट चढते आणि उंडवडीमार्गे बारामतीत येते. पुढे काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, सणसरचा मुक्काम, बेलवाडीला गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर. ज्या रोटीच्या माळावरून वारकरी जातात तिथेच फोर सीझन्स ही वाइनरी उभी आहे. विजय मल्ल्यांच्या यूबी समूहाने ती बांधली, पुढे मालक बदलले. तुळशीची माळ आणि वाइनची बाटली एकमेकांना इतकी खेटून नांदतात, असा दुसरा रस्ता मला माहीत नाही.

माझ्या थोरल्या भावाची बाग याच टापूत, इंदापूर तालुक्यात बोरीच्या शिवारात आहे. त्यांना सगळं गाव नाना म्हणतं. गळ्यात माळ, बेलवाडीच्या रिंगणापासून पुढे पंढरपूरपर्यंत पायी वारी, आणि द्राक्षात उभा जन्म गेलेला. त्यांची मुलगी वाइन तंत्रज्ञान शिकली आहे. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये असा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, हे तिच्यामुळेच आम्हाला कळलं. घरात तिला सगळे ताई म्हणतात. या दोघांचा वाद मी या हंगामात जवळून ऐकला. तो लिहून ठेवावा असं वाटलं, कारण बारामती-इंदापूरच्या प्रत्येक बागायतदाराच्या घरात तो आज ना उद्या होणार आहे.

बाग उतरली, जंबो या काळ्या वाणाचा चांगला माल व्यापाऱ्याने पेट्यांत भरून नेला, आणि मांडवाखाली राहिले ते लहान मण्यांचे, रंग नीट न चढलेले घड. यंदा तसे घड बरेच होते. 2025 च्या मे महिन्यात या भागात जो पाऊस कोसळला, नीरा डावा कालवा फोडून गेला, त्याची किंमत बागांनी पुढे चुकवली. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर उन्हातच काडीच्या डोळ्यात घड तयार होतो. त्या दिवसांत ऊनच पडलं नाही. ऑक्टोबरात छाटणी झाली तेव्हा पुष्कळ घड जिरले, आले तेही एकसारखे आले नाहीत.

ताई : नाना, हा उरलेला माल मला द्या. बाजारात नेला तर तोडणीची मजुरी निघायची नाही. मी याची वाइन करून बघते.

नाना : कुठं करणार?

ताई : इथंच. आजीची लोणच्याची बरणी आहे की.

नाना : आजीच्या बरणीत दारू? ह्या घरात? माल सारा बांधावर टाकीन, पण ते न्हाई.

इथे मला मध्ये पडावं लागलं, आणि तेही माळेसाठी नाही, कायद्यासाठी. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आज महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने लागू आहे. परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा त्यात गुन्हा आहे. विकलं नाही, घरच्या घरी ठेवलं, म्हणून तो गुन्हा उरत नाही असं नाही. वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन कुटुंबांत नाताळला काळ्या द्राक्षांची वाइन करण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे, पण आमच्याकडे ना ती चाल, ना परवाना. ताईने हट्ट केला नाही. संस्थेत विचारलं, प्रयोगशाळेत करायची परवानगी मिळवली. ‘घरची वाइन’ आमच्याकडे झाली ती अशी : द्राक्षं घरची, भांडं संस्थेचं. घरी पहिल्यांदा करू पाहणाऱ्या कुणालाही मी आधी हेच सांगेन, की परवाना असलेलं छप्पर शोधा.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही घड उतरवायला लागलो. तिथे मात्र शिकवण्याची पाळी नानांची होती. ऊन चढण्याआधी तोडायचं, देठ धरून कात्री लावायची, मण्याला बोट लागू द्यायचं नाही, क्रेटमध्ये घडावर घड दाबायचा नाही. ताईने पुस्तकातून जे वाचलं होतं ते नाना हाताने करत होते. तिने साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक मणी पिळला आणि ते यंत्र उजेडाकडे धरलं.

ताई : सतरा ब्रिक्स.

नाना : झ्याक हाय की. सतराला व्यापारी खूश असतो.

ताई : वाइनला बावीस-तेवीस लागतं, नाना. जितकी साखर, तितकं पुढं अल्कोहोल. ढोबळ हिशेब असा, की ब्रिक्सच्या निम्म्याहून थोडं जास्त. म्हणजे याची वाइन नऊ-साडेनऊ टक्क्यांची होईल. चांगल्या लाल वाइनला बारा-तेरा तरी हवं. आणि शेवटची गंधकाची फवारणी कधी झाली?

नानांनी फवारणीची वही आणली. 2010 साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वॅट या वाढरोधकाचा अंश सापडला आणि निर्यातीचा हंगाम बुडाला, तेव्हापासून या भागातल्या निर्यातदार बागायतदाराच्या घरी वही असतेच. गंधक मण्यावर राहिलं तर आंबताना यीस्ट त्याचा सडक्या अंड्यासारखा वास काढतं, आणि बुरशीनाशकाचा अंश राहिला तर यीस्टच मंदावतं, असं ताईने सांगितलं. नानांनी तारखा मोजल्या आणि दोन ओळी सोडून तिसऱ्या ओळीचे घड घ्यायला सांगितले. वादाच्या साऱ्या काळात दोघांचं पहिल्यांदा पूर्ण जुळलं ते या गोष्टीवर : जे पोटात जाणार, त्याचा हिशेब वहीत पाहिजे.

तोडता तोडता खरा प्रश्न निघाला.

नाना : मला एक सांग. एवढा टपोरा मणी. रंग बघ, कातडी बघ. ह्याची वाइन वाईट आन् त्या बारक्या, बियांच्या द्राक्षाची चांगली, हे कसं?

ताई : तुम्ही हा मणी पाणी आणि जीएचं संजीवक देऊन फुगवलाय. घड बुडवले, विरळणी केली, खोडाला गर्डलिंग केलं. मणी मोठा झाला की आत रस वाढतो आणि त्या मानाने साल कमी पडते. लाल वाइनचा रंग रसात नसतोच, काळ्या द्राक्षाचा रससुद्धा जवळजवळ पांढराच असतो. रंग, तुरटपणा, वास, सगळं सालीत. शिराझ किंवा कॅबरनेचा मणी बोराच्या बीएवढा असतो, साल जाड, आत बी. तुमच्या मण्यात बीसुद्धा नाही.

नाना : बी काढायला तर आमची हयात गेली.

ताई : तेच म्हणतेय मी. खाणाऱ्यासाठी गेली.

याच्यावर मी पुष्कळ विचार केला. सांगलीच्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी आपल्याच बागेत तास-ए-गणेश निवडला. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी सोनाका आणि शरद सीडलेस दिले. शेतकऱ्याने बांधावर उभं राहून, एका वेगळ्या फांदीवर नजर ठेवून वाण काढायचे, ही महाराष्ट्राची जगाला दाखवण्यासारखी गोष्ट आहे. पण ती सगळी नजर मण्याच्या आकारावर, गोडीवर आणि बिनबियांवर होती. वाइनच्या द्राक्षासाठी ती कधी वळली नाही. वाइनचे वाण फ्रान्सहून आले, करार कंपन्यांकडून आले, आणि शेतकऱ्याकडे उरलं फक्त पिकवून देणं.

प्रयोगशाळेत ताईने देठ काढले, मणी हातानेच चुरडले, साल-गर रसासकट एका भांड्यात ठेवला. थोडं मेटाबायसल्फाइट, दुसऱ्या दिवशी यीस्ट. मग दिवसातून दोनदा वर तरंगणारा सालीचा थर खाली दाबायचा, नाहीतर तो वाळतो आणि त्यावर व्हिनेगरचे जिवाणू बसतात. तोंड गच्च बंद करायचं नाही, वायूला वाट ठेवायची, नाहीतर भांडं फुटतं. मार्चच्या उकाड्यात तापमान तिशीच्या आत ठेवणं हेच मोठं काम. बोरीच्या घरात बरणी ठेवली असती तर ते जमलंच नसतं. नाना एकदा मुंबईला जाताना तिथे उतरले. भांड्यावर तळहात ठेवला.

नाना : खाली जाळ न्हाई, मग गरम कसं?

ताई : यीस्ट साखर खातंय. त्यातून उष्णता निघते. पाश्चरनं दीडशे वर्षांपूर्वी हे दाखवून दिलं, की आंबणं हे जिवंत पेशींचं काम आहे.

नाना : म्हंजे कुजतंयच की.

ताई : दही म्हणजे कुजलेलं दूध का, नाना?

नाना : दही खाऊन कुणी बायकोला मारत न्हाई.

ताई गप्प झाली. मलाही उत्तर सुचलं नाही, आणि आजही सुचत नाही. वाइनच्या बाजूने बोलणारे लोक या वाक्याला वळसा घालून जातात, ते मला पटत नाही. गावातल्या बाईने दारूचं दुकान बंद करायला मतदान करून बाटली आडवी केली, त्यामागे वर्षानुवर्षांचा मार आणि विकलेले दागिने आहेत. ताईने थोड्या वेळाने तिच्या परीने उत्तर दिलं.

ताई : मारणारा माणूस बहुतेक देशी पिऊन मारतो. वाइन त्याच्या निम्म्याहूनही कमी कडक असते.

नाना : आन् महाग असते, म्हणून गरीब पीत न्हाई, असंच म्हणायचं ना? मग ती श्रीमंताच्या घरात मारते. बावीस साली सरकारनं वाइन सुपर मार्केटात ठेवायचं ठरवलं, तवाही हेच म्हणत होते, की शेतकऱ्याचं भलं होणार. शेतकऱ्याला कुणी विचारलं?

जानेवारी 2022 च्या त्या निर्णयाला अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी विरोध केला आणि तो अमलात आला नाही. शेतकऱ्याचं नाव त्यात पुढे केलं गेलं हे खरं आहे. शेल्फवर ठेवलेल्या बाटलीमागे द्राक्षाचा भाव किती, तो कोण ठरवणार, यावर तेव्हाच्या चर्चेत मी फारसं काही वाचलं नाही.

पण ताईजवळ एक मुद्दा होता, आणि तो तिने बोरीत, उसाच्या फडाकडे बोट दाखवून मांडला.

ताई : नाना, तुमचा ऊस कारखान्याला जातो. साखरेबरोबर मळी निघते. मळीपासून अल्कोहोल होतं, आणि त्या अल्कोहोलपासून दारूसुद्धा होते. ऊस लावताना तुम्हाला माळ आडवी येत नाही.

नाना : (बराच वेळ थांबून) न्हाई येत. तू म्हणतीस ते खरं हाय. पण फरक सांगतो. कारखान्याचा मी सभासद. उसाचा दर, एफआरपी, सरकार ठरवतं. ऊस गेला की चौदा दिवसांत पैसे द्यायचे, असं कायद्यात हाय. थकले तर व्याज. मोर्चा काढता येतो, साखर आयुक्ताच्या दारात बसता येतं. वाइनच्या द्राक्षाला काय हाय? कुणाच्या दारात बसू?

या प्रश्नाने वाद माळेवरून जमिनीवर आला. आणि मला वाटतं, खरा वाद तिथेच आहे. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाने ऊसकऱ्याला जे संरक्षण दिलं, त्याच्या जवळपासचंही काही वाइनच्या द्राक्षाला नाही. महाराष्ट्राने 2001 साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, नाशिकजवळ विंचूरला आणि सांगलीत पलूसला वाइन पार्क काढले, वाइनरींना सवलती दिल्या. नारायणगावच्या इंडाज वाइनरीने त्याच्या आधीच वाट पाडली होती, नाशिकला सुलाने 2000 साली पहिली वाइन काढली. बागा वाढल्या. मग 2008 ची मंदी आली, त्याच वर्षी मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, खप आटला. नाशिककडे कितीतरी शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा मुळासकट काढून पुन्हा खाण्याची द्राक्षं लावली. खाण्याच्या द्राक्षाला व्यापारी नाही मिळाला तर बेदाणा करता येतो. वाइनच्या द्राक्षाचं गिऱ्हाईक एकच असतं आणि त्याने पाठ फिरवली की बियांचा, आंबट, बारका मणी बाजारात कुणी उचलत नाही.

ताई : म्हणूनच मी म्हणते की शेतकऱ्याला स्वतः वाइन करता आली पाहिजे. फ्रान्समध्ये, इटलीत गावची सहकारी वाइनरी असते. द्राक्षं सगळ्यांची, टाक्या सगळ्यांच्या. आपल्याकडे साखर कारखाने असेच उभे राहिले ना?

नाना : साखर समद्यांच्या घरी लागते. वाइन लागते का?

ताई : निर्यातीची द्राक्षं तरी बोरीतले लोक खातात का?

नाना हसले. त्या संध्याकाळी त्यांनी एवढंच मान्य केलं, की शिकणं वेगळं आणि पिणं वेगळं. पोरगी शिकली त्याचा त्यांना अभिमान आहे, हे मला ठाऊक होतं. ते त्यांनी पहिल्यांदा तोंडाने म्हटलं.

आता त्या वाइनचं काय झालं ते सांगतो. गाळून, गाळ खाली बसू देऊन, वरचं नितळ दुसऱ्या भांड्यात काढून, काही आठवडे गेल्यावर ताईच्या शिक्षकांनी ती चाखली. दोष नव्हता. आंबट झाली नव्हती, वास शुद्ध होता, याचं श्रेय नानांच्या वहीला. पण रंग फिका, अंगाला पातळ, घोट गिळल्यावर तोंडात काहीच न उरणारी. ताईने एका वाक्यात निकाल दिला : खाण्याच्या द्राक्षाची वाइन होते, पण ती विकत घ्यावी अशी होत नाही. नानांनी चाखली नाही, वास घेतला आणि म्हणाले, “माझ्या मालाचा वास ह्यात न्हाई.” माझ्या मते ती या वाइनची सगळ्यात अचूक परीक्षा होती.

इथे माझं मत स्पष्ट सांगतो. भाव पडला की “वाइनला देऊन टाकू” असं जे बांधाबांधावर बोललं जातं, त्याला काही अर्थ नाही. वाइन ही उरलेल्या मालाची जागा नाही. ती छाटणीला ठरते. किती काड्या ठेवायच्या, किती घड, पाणी कधी तोडायचं, हे सगळं वेगळं असतं आणि एकरी उतारा मुद्दाम कमी ठेवावा लागतो. टपोऱ्या मण्यासाठी वाढवलेल्या वेलीकडून मार्चमध्ये वाइन मागणं म्हणजे तिच्यावर अन्याय आहे.

मग बारामती-इंदापूरने काय करावं? उत्तराचा एक धागा आपल्याच टापूत आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचं प्रक्षेत्र बारामती तालुक्यात होळला आहे. तिथे द्राक्षावर दीर्घ काळ काम चाललं आणि एआरआय-516 हा संकरित वाण तयार झाला. अमेरिकन कॅटॉबा आणि ब्यूटी सीडलेस यांचा हा संकर, बुरशीला बऱ्यापैकी तोंड देणारा, रसाला, बेदाण्याला, जॅमला आणि लाल वाइनलाही चालणारा. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा मांजरी मेडिका हा रसाचा वाण आहे, त्याचा गरसुद्धा रंगीत. ताई आणि नाना या ठिकाणी पुन्हा एका बाजूला आले. एकाच गिऱ्हाइकाच्या दयेवर न राहणारा, रस, बेदाणा, वाइन अशा तीन दारांना लागणारा वाण असेल तर दोन ओळी लावून बघायला हरकत नाही, असं नानांनी स्वतः म्हटलं. रस विकायला माळ आड येत नाही, आणि त्या रसाचं पुढं काय करायचं ते ताईने परवाना काढून ठरवावं, हा त्यांचा तोडगा.

दोघांचं सगळंच जुळलं नाही. सुपर मार्केटातल्या बाटलीवर ते अजून भांडतात, आणि त्या बाबतीत मी नानांच्या बाजूचा आहे. लहान सहकारी वाइनरीला सुटसुटीत परवाना मिळावा, या बाबतीत मी ताईच्या बाजूचा. सरकारने आधी एक करावं : वाइनच्या द्राक्षाचे पैसे किती दिवसांत द्यायचे, थकले तर व्याज किती, हे उसासारखं कायद्यात लिहावं. त्याशिवाय शेतकऱ्याच्या नावाने वाइनची बाजू मांडू नये.

आणि माझ्या बागायतदार भावाबहिणींना एक विनंती. वाइनचा वाण लावायचा विचार असेल तर कंपनीच्या माणसाकडून चार गोष्टी कागदावर घ्या : भाव, किती ब्रिक्सला किती, ब्रिक्स कुणाच्या यंत्रावर मोजायचं, आणि पैसे कोणत्या तारखेला. डॉगरिजच्या खुंटावर कलम ऑगस्ट-सप्टेंबरात भरतात. सह्या त्याच्या आधी झाल्या पाहिजेत.